कोहळा कोणी फोडला

हॉलंडमधल्या या फेल्डहोवनमध्ये ऑक्टोबर संपत आला की लोक दारात मढी बसवतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. नातीला शाळेत सोडून परत येत होते. कोपऱ्यावरच्या घरासमोर खुर्चीत एक सांगाडा बसवलेला, पायावर पाय टाकून, डोक्यात टोपी. पलीकडच्या बागेत गवतात पुठ्ठ्याची थडगी रोवलेली. त्याच्या पुढच्या घराच्या कुंपणावर खोटी कोळिष्टकं पसरलेली आणि त्यांत माझ्या मुठीएवढा कोळी. आमच्याकडे कोळिष्टकं काढण्यात बायकांचा जन्म जातो, इथे ती विकत आणतात.

मुलाला विचारलं तर म्हणाला, "हॅलोविन आहे, आई. गंमत असते."

मी म्हटलं, "मढ्याची कसली गंमत. ज्याच्या घरातून कधी ते बाहेर काढलेलं नाही त्यालाच ती सुचते."

तो हसला. माझ्या बोलण्याची त्याला सवय आहे.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. शाळा चौथीपर्यंत. नवरा चिंचवडच्या एका कारखान्यात टर्नर होता, तो गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगा एकच. तो इथे कॉम्प्युटरमधल्या चिपा बनवायच्या यंत्रांचा इंजिनियर आहे. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. दिवाळी आटोपली आणि दोनच दिवसांत तो कामासाठी तैवानला गेला. तिकडे कुठलंसं यंत्र बसवायचं होतं. घरात सून, आठ वर्षांची नात आणि मी, अशा तिघी राहिलो. तो रोज दुपारी बाराला फोन करायचा. तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात, त्याचं जेवण व्हायचं असतं. "जेवलास का" एवढंच मी विचारायची, पण ते विचारून झालं की माझा दिवस पुढे सरकायचा.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक भोपळा होता. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला शेतकरी भोपळे मांडून ठेवतात आणि जवळ कोणी बसतही नाही, तिथून सुनेने आणलेला. नारिंगी, गरगरीत, आठ-नऊ किलोचा. बापाने तो कोरून द्यायचा असं ठरलं होतं. बाप निघून गेला आणि भोपळा राहिला.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल.

आमच्यात कोहळा किंवा भोपळा अख्खा असेल तर बाईने त्याच्यावर सुरी चालवायची नाही. पहिला घाव पुरुषाने घालायचा. मग बाईने हवा तसा चिरावा, किसावा, काय करायचं ते करावं. घरात पुरुष नसेल तर शेजारचा बोलवायचा. माझी सासू याचं कारण सांगायची. पूर्वी म्हणे देवीला माणूस द्यायचे. मग रेडा देऊ लागले, मग बोकड. ज्यांच्या घरात रक्त चालत नव्हतं त्यांनी कोहळा दिला. देवीने तो माणूस म्हणून घेतला. म्हणजे कोहळा हा माणूसच, आणि माणूस म्हणजे घरातला थोरला मुलगा. बाई तो फोडते तेव्हा ती आपल्या पोटचा थोरला देत असते.

हे मी लग्न होऊन आले तेव्हाच ऐकलं होतं. तरी एकदा मी फोडला.

बावीस वर्षांची होते. माझा पहिला मुलगा दहा महिन्यांचा होता. चैत्राचं ऊन, सांडग्यांचे दिवस. सासू तिच्या बहिणीकडे लग्नाला गेलेली, नवरा पहिल्या पाळीला. उडदाची डाळ रात्रीच भिजत घातली होती. शेजारचा पुरुष मिळाला नाही, आणि दुपार झाली असती तर डाळ आंबली असती. मी कोहळा विळीवर फोडला, किसला, सांडगे घातले. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. ताप डोक्यात गेला असं डॉक्टर म्हणाला. सासू मातीसाठी परत आली. गच्चीवर लुगड्यावर वाळत पडलेले सांडगे तिने पाहिले आणि मला पहिलं वाक्य विचारलं ते हे: "कोहळा कोणी फोडला?"

मी म्हटलं, "मी."

त्यानंतर ती बावीस वर्षं जगली आणि तिला दुसरं कारण लागलं नाही. मलाही लागलं नाही, हे आता लिहिते.

त्याच्या मागून तीन वर्षांनी हा मुलगा झाला. तेव्हापासून मी अख्ख्या कोहळ्याला की भोपळ्याला हात लावला नाही. नवरा होता तोवर त्याने पहिला घाव घातला. तो गेल्यावर मी भाजीवाल्याकडून चिरलेली फोड आणायला लागले. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. विश्वास नसला तरी भीती असते, तिला विश्वास लागत नाही.

तर बुधवार. बुधवारी इथल्या शाळा साडेबारालाच सुटतात. मी नातीला घेऊन आले. सून वर खोलीचं दार लावून मीटिंगमध्ये होती. मुलाचा बाराचा फोन आला नव्हता, पण मी तेव्हा शाळेच्या रस्त्यावर होते, म्हटलं चुकला असेल.

नातीने दप्तर टाकलं, तिचं जेवणखाण झालं आणि ती भोपळ्यापाशी जाऊन उभी राहिली.

"आजी, कट कर ना."

"पपा आल्यावर."

"पपा नेक्स्ट वीक येणार. हॅलोविन फ्रायडेला आहे. ज्यांच्या डोअरपाशी पम्पकिन असतो, तिथेच मुलं येतात. आपल्याकडे नोबडी येणार."

"मग शेजारच्या कोणा बाप्याला बोलवू."

"कोणाला? ओमाकडे मॅन नाहीये. ही इज डेड."

ओमा म्हणजे शेजारची डच म्हातारी. इथे आजीला ओमा म्हणतात. दुसऱ्या बाजूला नवरा-बायको राहतात, ती दोघं संध्याकाळी सहाला घरी येतात.

"सहाला तो आला की सांगू," मी म्हटलं.

"पण व्हाय मॅन? आजी, इट्स अ पम्पकिन."

मी काय सांगणार? की भोपळा म्हणजे तुझा बाप?

ती माझ्याकडे बघत उभी होती आणि मला राग आला. तिचा नाही, माझा. मुलगा वाढवला, नवऱ्याचं दोन वर्षांचं आजारपण काढलं, एकटी विमानात बसून इथवर आले, आणि एका फळापुढे हात आखडून उभी. घड्याळ बघितलं. तीनला नातीचा पोहण्याचा वर्ग असतो, तेवढ्यात उरकायला हवं होतं. दोन वाजले होते. सुरी घेतली, देठाशी टेकवली आणि वरून लाटण्याने ठोकली. साल फार जाड होतं. तिसऱ्या ठोक्याला आत गेली. कर्र असा आवाज आला आणि ओला, कच्चा वास.

पुढचं नातीने सांगितलं तसं केलं. झाकण काढलं, आतला गर आणि बिया चमच्याने खरवडल्या. तिने पेनाने डोळे, नाक, दात आखले, मी ते कापले. मग तिने आत छोटी मेणबत्ती ठेवली आणि खोलीतला दिवा बंद केला.

"सी? छान दिसतोय ना?"

भोपळ्याला तोंड आलं होतं. तोंड आलेलं मला नको होतं. मी हात धुतले आणि फोन बघितला. बाराचा फोन चुकलेला नव्हता. तो आलाच नव्हता.



संध्याकाळी सुनेला विचारलं.

"आई, तो क्लीनरूममध्ये असतो. फोन बाहेर ठेवावा लागतो."

"दिवसभर?"

"काम वाढलंय. मेसेज आलाय, बरा आहे."

"दाखव मेसेज."

"ऑफिसच्या फोनवर आलाय, आई."

ती कांदा चिरत होती आणि डोळे पुसत होती. कांदा चिरताना बाईला रडायची सोय असते, हे मला कोणी शिकवायला नको. पण मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि ते ऐकायची माझी हिंमत नव्हती. ताटात वाढलेलं मी खाल्लं. काय खाल्लं ते आठवत नाही.

गुरुवारी बाराला फोन हातात घेऊन बसले. साडेबारा झाले, एक झाला. मी स्वतः लावला तर नुसती रिंग वाजली. भोपळा बाहेर पायरीवर ठेवला होता. पडद्याआडून दिसत होता, पाठमोरा. उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकावा असं दहादा मनात आलं. पण चिरून झाला होता. टाकून काय होणार होतं?

चारच्या सुमारास शेजारची ओमा आली. तिला पायरीवरचा भोपळा आवडला होता, ते सांगायला आली. तिचं वय माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी जास्त. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, मधे नात बसते. नातीला मराठी सगळी कळते, बोलता मात्र अर्धीच येते. मी कॉफी केली. ओमा बोलत गेली आणि नात सांगत गेली.

"ओमा म्हणते, व्हेन शी वॉज लिटल, पम्पकिन नव्हते. ते आत्ता आले, टीव्हीवरून. तिच्या वेळी बीट होते. मोठे बीट. गाय खाते ते."

शेतातले गाईंच्या चाऱ्याचे बीट मुलं चोरून आणायची, आतून कोरायची, डोळे पाडायची, आत मेणबत्ती लावायची. अंधार पडला की रस्त्याकडेच्या चरात लावून ठेवायची. सायकलवरून घरी येणारी माणसं घाबरून पडायची. हे सांगताना ओमा हसली. मीही हसल्यासारखं केलं.

"ओमा म्हणते, नोव्हेंबर इज फॉर डेड पीपल. तिची आई छोटे ब्रेड करायची. एक ब्रेड खाल्ला की एक डेड माणूस सुटतो."

"तिला सांग, आमच्याकडे कावळा खातो."

नातीने सांगितलं. ओमाने विचारलं, कावळा आला नाही तर? मी म्हटलं, तर ज्याचं राहिलं असेल त्याचं नाव घेऊन काहीतरी कबूल करायचं, मग येतो. तिने मान डोलावली. तिला ते अगदी बरोबर वाटलं.

मग तिने कप खाली ठेवला आणि आवाज हळू केला. नातीने आवाज हळू केला नाही.

"त्यांच्या शेताच्या मागे वेट जमीन होती. तिथे अंधारात छोटे लाइट्स दिसायचे. हलायचे. तिची आई म्हणायची, बघू नका."

"कसले लाइट?"

नातीने विचारलं. ओमाने उत्तर दिलं.

"बेबीज. ज्यांना चर्चचं पाणी मिळालं नाही ते बेबीज. आधीच मेले. दे कान्ट गो अप. मग ते लोकांच्या मागे मागे येतात. पाणी मागतात."

मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"ओमाचा ब्रदर पण. तो बॉर्न झाला आणि लगेच डेड. चर्चवाले म्हणाले, नो, आत नाही ठेवायचा. कुंपणाच्या बाहेर. तिच्या पपाने बॉक्समध्ये घालून नेला. सायकलवर." नातीने बिस्किट कॉफीत बुडवलं. "मग तिची आई दर वर्षी बीटचा दिवा करून गेटवर ठेवायची. मुलं म्हणायची, घाबरवायला आहे. पण तो घाबरवायला नव्हता. त्याला घर सापडायला."

ओमा माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, पण तिने हात पुढे करून माझं मनगट धरलं आणि नातीला काहीतरी विचारलं.

"आजी, ओमा विचारते, तुझं पण आहे का?"

मी म्हटलं, "तिला सांग, कॉफी घे, गार होतेय."

एवढ्या लहान मुलाला आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. नवरा आणि त्याचा कारखान्यातला एक सोबती घेऊन गेले होते, ओढ्याच्या काठाला. बायकांनी जायचं नसतं. जागा मी कधी पाहिली नाही. आता तिथे इमारती झाल्या आहेत. अशा मुलाचं श्राद्ध नसतं. पितृपक्षात सासऱ्यांना, आजेसासऱ्यांना, ज्यांचं तोंड मी पाहिलं नाही त्यांनाही पाणी मिळायचं. त्याला नाही. तो मोजण्यातच नव्हता. एकोणपन्नास वर्षांत मला त्याची भीती कधी वाटली नव्हती. त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या वाटली. पाणी मागतात. मागच्या वेळी मी कोहळा फोडला तेव्हा तो गेला. आता तो नाही, म्हणजे थोरला हाच. आणि मी पुन्हा फोडला. वेडगळ हिशेब होता, मला कळत होतं. कळून काही कमी होत नव्हतं. सून रात्री वर गेली की जिन्यावरचा दिवा मी चालू ठेवत होते.

शुक्रवारी सहाला अंधार पडला. नात चेहऱ्याला पांढरा रंग फासून मैत्रिणींबरोबर गेली, त्यांच्यातल्या एकीचे आईबाप सोबत होते. सुनेने माझ्या हातात चॉकलेटांचं भांडं दिलं.

"आई, बेल वाजली की दोन-दोन द्या. मला एक कॉल आहे."

ती वर गेली. पायरीवरचा भोपळा तिनेच पेटवून ठेवला होता.

मुलं येत गेली. कोणाच्या कपाळात खोटी कुऱ्हाड, कोणाच्या तोंडातून लाल रंग ओघळलेला. सगळी गोड आवाजात काहीतरी म्हणायची, मी दोन-दोन द्यायची, ती थँक यू म्हणायची. मागे रस्त्यावर त्यांचे आईबाप जाकिटात हात घालून उभे. मधे थोडा वेळ कोणी आलं नाही. मग बेल वाजली आणि दार उघडलं तर पायरीवर एकच पोर. फार लहान. अंगावर पांढरी चादर, तिला डोळ्यांची दोन भोकं. ते काही बोललं नाही. चॉकलेट पुढे केलं तर घेतलं नाही. भोपळ्याच्या उजेडात नुसतं माझ्याकडे बघत उभं राहिलं आणि मग चादरीखालून हात काढून माझ्या पदराला धरलं.

माझ्या हातातलं भांडं पडलं. मी मराठीत म्हणाले, "अरे, मी काय देऊ तुला?" हे मी मोठ्याने म्हणाले.

फाटकातून एक दाढीवाला माणूस धावत आला. हसत, माफी मागितल्यासारखं काही बोलत त्याने पोराला उचललं. चादर सरकली, खाली पिवळे केस. पोराला माझी साडी बघायची होती बहुतेक, इथे कोणी नेसत नाही. मी दार लावलं. चॉकलेटं जमिनीवर सोडून कठड्याला धरून वर गेले. मला आता कोणाजवळ तरी बसायचं होतं.

सुनेच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज आला, "ताप उतरला का?"

मी दार ढकललं. तिने फोन कानावरून काढला.

"कोणाला ताप आहे?"

"कोणाला नाही, आई. ऑफिसमधली..."

"मला उल्लू बनवू नकोस. कोणाला?"

ती पलंगावर बसली. बराच वेळ फोनची काच पुसत राहिली.

"अपेंडिक्स होतं. ऑपरेशन झालं. तो बरा आहे, आई, खरंच बरा आहे. तुम्हाला सांगू नको म्हणाला. तुम्ही घाबराल म्हणून."

"कधी झालं?"

"बुधवारी."

"बुधवारी कधी?"

"तिकडे रात्री नऊला आत घेतलं."

मी बोटांवर मोजलं. सात तास मागे. नऊ, आठ, सात. पुन्हा मोजलं. दोन वाजले होते. सुरी देठाशी टेकवून मी लाटण्याने ठोकत होते तेव्हा तिकडे त्याच्या पोटात सुरी गेली होती. हे मी जसं झालं तसं लिहिते आहे. कोणाला खरं वाटो न वाटो.

मी खाली फरशीवर बसले. सून घाबरून माझ्यापाशी आली.

"आई, बीपीची गोळी घेतली का आज?"

"मी भोपळा फोडला."

"अं?"

"बुधवारी दोनला. मी फोडला. बाप्याचा हात लावून घेतला नाही."

तिला काही कळलं नाही. ती मुंबईत वाढलेली, तिच्या माहेरी सगळं बाईच चिरते. मी तिला सांगितलं. कोहळ्याचं, सासूचं, दहा महिन्यांच्या मुलाचं. तिला त्या मुलाचं माहीत नव्हतं. ती ऐकत गेली. मला वाटलं, गळ्यात पडेल. ती चिडली.

"आई, त्याला सोमवारपासून दुखत होतं."

"सोमवारपासून?"

"सोमवारी सकाळपासून. पेनकिलर खाऊन कामावर जात होता. मला सुद्धा बोलला नाही. बुधवारी उभं राहता येईना तेव्हा लोकांनी उचलून नेलं. मी वर दार लावून बसले होते ना, मीटिंग नव्हती ती, हॉस्पिटलशी बोलत होते. डॉक्टर म्हणाला, फुटायला आलं होतं, आणखी एक रात्र गेली असती तर वाचला नसता. सोमवारी तुमचा भोपळा अख्खा होता, आई. ओट्यावर होता. मी रोज त्याच्याभोवती पुसत होते."

मी म्हटलं, "सोमवारी."

"हो, सोमवारी. आणि बुधवारी त्याच्यावर सुरी चालली म्हणून तो आज आहे. आता उठा, फरशी गार आहे."

ती मला उठवत होती आणि मी उठत नव्हते. कारण सोमवार म्हटल्याबरोबर मला दुसरी एक सकाळ दिसली. ती मी कोणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. ज्या दिवशी मी कोहळा फोडला त्या दिवशी पहाटे पोराचं अंग कढत होतं. आदल्या दिवशीही होतं. दूध घेत नव्हता. मी म्हटलं दात येत असतील, ऊन बाधलं असेल. डाळ भिजली होती. मी त्याला झोळीत टाकलं आणि कोहळा घेऊन बसले. तो किरकिर करत होता, मग किरकिर करायचा थांबला. मला बरं वाटलं, काम उरकता येईल म्हणून. दवाखाना वीस मिनिटांवर होता.

सासूने विचारलं, कोहळा कोणी फोडला, आणि मी पटकन म्हटलं, मी. पटकन म्हटलं, कारण तिने दुसरं काही विचारू नये. ताप कधीपासून होता, हे तिने विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. कोहळा फोडला हे देवीच्या, रितीच्या अंगावर जातं. अडाणी पोर, चुकली, असं लोक म्हणतात. दुसरं माझ्या एकटीच्या अंगावर येतं. मी कोहळ्याला भीत होते ते त्यामुळे. त्याच्याकडे बघितलं की दुसरीकडे बघावं लागत नव्हतं.

सुनेला मी त्या रात्री एवढंच सांगितलं, "उद्या मला त्याचं तोंड दाखव. फोनवर नाही, दिसेल असं."

शनिवारी सकाळी तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. नात अजून झोपली होती. मुलगा पलंगावर टेकून बसलेला, दाढी वाढलेली, हाताला सलाईनची नळी. गालफडं बसली होती.

"काय आई, भोपळ्याने मला आडवा केला म्हणे," तो म्हणाला. सुनेने सांगितलेलं दिसत होतं.

"सदरा वर कर."

"आई, इथे नर्स आहे."

"तिने बघितलेलंच आहे. वर कर."

त्याने केला. तीन छोट्या पट्ट्या होत्या. मी डोळे जवळ नेऊन बघितल्या. कोरड्या होत्या.

मग मी म्हटलं, "तुझ्याआधी एक होता."

"माहीत आहे."

"कसं?"

"आजीने सांगितलं होतं. मी सहावीत असताना. कोहळ्याचंही सांगितलं होतं." त्याने सदरा खाली केला. "मला वाटलं, तुला त्यावर बोलायचं नसेल."

"आजीला सगळं माहीत नव्हतं. त्याला ताप आधीच होता. दोन दिवस. मी डॉक्टरकडे नेलं नाही. सांडगे घालत बसले."

सून माझ्या शेजारी होती, ती हलली नाही. पडद्यावर तो माझ्याकडे बघत होता, की खाली बघत होता, त्या यंत्रात नीट कळत नाही.

"कधी नेलं मग?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या दिवशी. तोवर झटके आले होते."

 त्याने समजूत घातलेली मला नको होती, आणि त्याने घातली नाही. त्याच्या मागे कोणीतरी चाकांचं टेबल ढकलत नेलं, त्याचा आवाज आला.

"मी तर बोलू शकत होतो," तो म्हणाला. "तरी तीन दिवस बोललो नाही."

"ते तुझं गाढवपण. आता ताप किती आहे?"

"नाहीये आता फारसा."

"फारसा म्हणजे किती? लिहून ठेवतात का तिकडे?"

"ठेवतात. इथे पायाशी कागद लावलेला असतो."

"घे तो. बुधवारपासून वाचून दाखव."

"आई, सगळं?"

"सगळं. वेळेसकट."

त्याने वाकून कागद ओढला. वाकताना कळ आली, तोंड वाकडं केलं, मी बघितलं. मग वाचायला लागला. बुधवारी रात्री आठला एकोणचाळीस पॉइंट दोन. त्या देशातलं मोजमाप इथल्यासारखंच, मला ते कळत नाही. सून शेजारी बसून फोनवर हिशेब करून आपल्यातला ताप सांगत होती. एकशे दोन पॉइंट सहा. मध्यरात्री एकशे दोन. गुरुवारी पहाटे चारला एकशे एक पॉइंट तीन. सकाळी आठला पुन्हा वर. दुपारी बाराला एकशे एक. मी एकेक आकडा ऐकत होते. मधे एका ठिकाणी त्याने दोन ओळी गाळल्या असं वाटलं. मी थांबवलं आणि गुरुवारची संध्याकाळ परत वाचायला लावली.